तलावाची भिंत लागल्यावर पुढे काय?

मी वांगणीहून बोलतेय. मागे लोकलचा आवाज आला तर सांभाळून घ्या, घर रुळांना लागूनच आहे.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. विचारणारे बहुतेक विशीतले, शाळा-कॉलेजात स्पर्धा पोहलेले. प्रश्न साधारण सगळ्यांचा एकच: ताई, आता टायमिंग सुधरत नाहीये, घरचे नोकरीचं विचारतायत, मग इतकी वर्षं पहाटे उठून पाण्यात घातली त्याचं करायचं काय? मी स्वतः विद्यापीठाच्या स्पर्धांपर्यंत पोहले, मग बीटेक, मग सॉफ्टवेअरची नोकरी आणि हा पॉडकास्ट. त्यामुळे प्रश्न माझ्याही घरचाच आहे.

उत्तराची सुरुवात कोल्हापूरच्या वीरधवल खाडेपासून करू. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. २०१०ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक घेतलं. त्याआधी आशियाई स्पर्धेत पोहण्यातलं पदक भारताला मिळालं होतं ते थेट १९८६ला, सोलमध्ये, खजान सिंग यांचं. म्हणजे मध्ये २४ वर्षं गेली. २०११ला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि नंतर? नंतर तो महाराष्ट्र शासनात तहसीलदार झाला. फायली, पंचनामे, वाळूचे डंपर, सगळं आलं. सराव काही वर्षं बाजूलाच पडला.

तरी तो परत पाण्यात उतरला. २०१८, जकार्ता, ५० मीटर फ्रीस्टाइलची फायनल. वीरधवलचा वेळ २२.४७ सेकंद, तिसऱ्याचा २२.४६. पदक गेलं एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने.

मी इंजिनिअर, त्यामुळे हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. त्या वेगाने शंभराव्या भागात माणूस साधारण सव्वादोन सेंटिमीटर जातो. बोटाचं एक पेर धरा. आता गंमत ऐका. ५० मीटरच्या तलावाच्या लांबीत तेव्हा नियमानुसारच ३ सेंटिमीटरपर्यंतचा फरक चालायचा! १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एक सुवर्णपदक ०.००२ सेकंदाने ठरलं होतं. त्यानंतर हजाराव्या भागापर्यंत मोजणं बंदच केलं, कारण तेवढं अचूक तलाव बांधणंच अवघड. सांगायचं काय, तर घड्याळाने तुम्हाला चौथं ठरवलं म्हणून अंगातली विद्या चौथ्या नंबरची होत नाही. २०२३ला गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत याच वीरधवलने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं आणि मग निवृत्ती जाहीर केली.

वीरधवल ज्या मालवणात तहसीलदार होता, तिथेच आपल्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर आहे. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे. शेजारी तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या घरातली कितीतरी पोरं आज डायव्हिंगच्या धंद्यात आहेत.

त्या धंद्याचं गणित बघा. मासा एकदा पकडला की एकदाच विकला जातो. जिवंत प्रवाळ तुम्ही आज दाखवता, उद्या दाखवता, पुढच्या सीझनला पुन्हा दाखवता. पण बोटीचा नांगर थेट प्रवाळावर टाकला, की स्वतःचं दुकान स्वतःच फोडलं. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. त्यांचंही तेच: कांदळवन टिकलं तर होडी चालणार. समुद्र राखणं आणि पोट भरणं इथे एकाच वल्ह्याने होतं.

आता म्हणाल, आम्हाला पोहता येतं, म्हणजे हे लगेच जमेल. थांबा. ५० मीटरवाला शर्यतीत जवळजवळ श्वासच घेत नाही, दम कोंडून धरणं ही त्याची ताकद. स्कूबाचा पहिला नियम नेमका उलटा: श्वास कधीही कोंडायचा नाही. दहा मीटर खोल गेलात की दाब दुप्पट होतो. तिथे टाकीतून भरून घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते. दम धरून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं. तेव्हा तलावाची विद्या घेऊन जा, पण समुद्रात पुन्हा पहिलीत बसायची तयारी ठेवा.

बरं, मालवण लांब आहे. वांगणीत समुद्र कुठून आणायचा? आणायची गरज नाही, आपणच त्याच्या वाटेवर राहतो. उल्हास नदी राजमाचीकडून निघते, कर्जत, वांगणी, बदलापूर करत कल्याणची खाडी गाठते आणि वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. इथे पुलावरून टाकलेली निर्माल्याची पिशवीही त्याच वाटेने जाते.

आणि हेच पाणी दारातही येतं. २७ जुलै २०१९ आठवतोय ना? कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणी-बदलापूरच्या मध्ये पुरात अडकली, आत हजाराहून जास्त माणसं. एनडीआरएफच्या होड्या आल्या, नौदल आलं, गावकरी धावले, सगळे सुखरूप बाहेर आले. पण दर पावसाळ्यात नदी-धबधब्यांवर पोरं बुडाल्याच्या बातम्या येतातच. मग बंदीचे आदेश निघतात, फलक लागतात. ते हवेतच. पण फलक पोहायला शिकवत नाही. ते काम आपल्यासारख्यांचं.

म्हणून आम्ही तिघी जुन्या सोबतिणी शनिवार-रविवार सकाळी एका तलावातला एक तास भाड्याने घेतो आणि अकरा मुलांना शिकवतो. फी घेतो, फुकट नाही. अजून भाडं आणि रिक्षाचे पैसे निघतात, वर फार काही उरत नाही. नोकरी सोडलेली नाही आणि एवढ्यात सोडणारही नाही. पण अकरामधल्या चार जणींच्या आया आता विचारतायत, आमच्यासाठी बॅच कधी? मला वाटतं, धंदा खरा तिथून सुरू होईल.

मुलांना फ्रीस्टाइलच्या आधी आम्ही एक क्रम पाठ करून घेतो, तो तुम्हीही करा. कोणी बुडत असेल तर आधी काठावरूनच काठी किंवा ओढणी पुढे करायची. नाही पोहोचली तर दोर, टायर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकायचं. मग होडी. स्वतः उडी सगळ्यात शेवटी, तीही शिकलेल्यानेच. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि मग एकाच्या जागी दोघं जातात.

तर मेसेज करणाऱ्यांनो, तुमचं टायमिंग सुधरायचं थांबलं असेल, पण तुमच्या गल्लीत पाण्याला घाबरणारी वीस माणसं नक्की आहेत. त्यातल्या एकाला या उन्हाळ्यात तरंगायला शिकवा आणि जमलं की व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवते. काळजी घ्या, भेटू!