माल गेला, पैसे येतील का?

मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर एके काळी कारखान्यांची मोठमोठी आवारे होती. त्यांतल्या पुष्कळ जागांवर आज उंच इमारती उभ्या आहेत. आतल्या गल्ल्यांतले लहान गाळे मात्र अजून चालू आहेत. अशाच एका गाळ्यात माझे एक शेजारी पितळेचे सुटे भाग बनवतात. पहिल्यांदा परदेशची मागणी आली तेव्हा त्यांनी हौसेने पेढे वाटले होते. माल आफ्रिकेतल्या एका व्यापाऱ्याकडे गेला, नव्वद दिवसांच्या उधारीवर. कामगारांचा पगार भागवायला घरातल्या बांगड्या गहाण पडल्या. नव्वद दिवस झाले, दीडशे झाले. आधी गोड उत्तरे येत होती, मग तीही थांबली.

ते मला म्हणाले, "अहो, गिऱ्हाईक साताऱ्याचं असतं तर पहाटेच्या एस.टी.नं जाऊन त्याच्या दारात बसलो असतो. समुद्रापलीकडं कुणाच्या दारात बसू?"

नव्या निर्यातदाराची खरी अडचण हीच आहे. माल चांगला करता येतो, गिऱ्हाईकही मिळते. पण पैसे बुडाले तर काय, या धास्तीने माणूस पाऊल उचलीत नाही. ही धास्ती सरकारांना जुनीच ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, ब्रिटनने निर्यातीच्या उधारीला सरकारी हमी देणारे खाते काढले. आपल्याकडे जुलै १९५७ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीतील जोखमीचा विमा उतरवणारे महामंडळ स्थापन केले. आज ते ईसीजीसी या नावाने ओळखले जाते. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईतच, अंधेरीला आहे. म्हणजे माझ्या शेजाऱ्यांपासून तासाभराच्या वाटेवर! पण त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते.

या विम्याचे काम साधे आहे. तुम्ही थोडा हप्ता भरता. परदेशी गिऱ्हाईकाचे दिवाळे वाजले, किंवा मुदत उलटून महिनेच्या महिने गेले तरी त्याने पैसे दिले नाहीत, तर नुकसानीचा बराचसा भाग महामंडळ भरून देते. त्या देशात युद्ध पेटले, आयातीवर अचानक बंदी आली किंवा तिथल्या सरकारने परकीय चलन बाहेर जाऊ दिले नाही, तर तेही या विम्यात येते. मात्र सगळेच्या सगळे नुकसान कोणी भरून देत नाही. थोडा वाटा तुमच्या अंगावर राहतोच. तो राहावा हेही बरेच. नाहीतर माणूस गिऱ्हाईक पारखून घेणार नाही.

आणि पारखण्याचे काम महामंडळही करते. प्रत्येक गिऱ्हाईकामागे किती उधारीपर्यंत विमा लागू, याची मर्यादा आधी मंजूर करून घ्यावयाची असते. ती नाकारली गेली तर पुष्कळांना राग येतो. वास्तविक तो मोलाचा इशारा असतो. अशा गिऱ्हाईकाला माल द्यायचाच, तर पैसे आधी मागावेत.

आता कोणी म्हणेल, हे शहरातल्या गाळेवाल्यांचे झाले, आम्हा शेतकऱ्यांना त्याचे काय? तर द्राक्षांचे उदाहरण घ्या. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात पोहोचली आणि त्यांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडले. कंटेनरच्या कंटेनर नाकारले गेले. त्याआधी आपल्याकडच्या तपासणीत या रसायनाकडे कोणी पाहतच नव्हते. मंडळी, इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मालाच्या दर्जावरून तंटा झाला, तर पैसे बुडण्याचा हा विमा सहसा कामी येत नाही. तो गिऱ्हाईकाच्या बेइमानीवर आहे, आपल्या फवारणीवर नाही. फवारणीची वही नीट ठेवणे आणि माल निघण्यापूर्वी प्रयोगशाळेचा दाखला घेणे, हा आपला आपणच उतरवलेला विमा समजा.

सुरुवात कुठून करावी? आधी आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाचशे रुपये भरून तो मिळतो. पॅन आणि बँकेचे खाते हवे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आपली माहिती तिथे पुन्हा कायम करावी लागते. हे विसरले की क्रमांक बंद पडतो, आणि नेमका माल निघायच्या दिवशी ते ध्यानात येते! माल थोडा असेल, पापड, मसाले किंवा हातमागाच्या वस्तू असतील, तर बंदरावर धावण्याचेही कारण नाही. २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे उघडली आहेत. सीमाशुल्काचे कागद तिथूनच संगणकावर भरता येतात.

गावातल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती आहे. हे अर्ज आणि विम्याची कलमे बहुधा इंग्रजीत असतात. बचतगटाच्या एखाद्या ताई तो कागद घेऊन आल्या, तर निदान मुदतींचा भाग त्यांना मराठीत समजावून द्या. पैसे थकल्याची खबर ठरलेल्या मुदतीत महामंडळाला कळवली नाही, तर हप्ते भरूनही दावा अडतो.

माझ्या शेजाऱ्यांचे ते पहिले पैसे आजतागायत आलेले नाहीत. बांगड्या मात्र सुटल्या, दोन वर्षांनी. आता नवी मागणी आली की ते आधी उधारीच्या मर्यादेचा अर्ज भरतात आणि मंजुरी हाती आल्यावरच पितळ आणायला बाहेर पडतात.