चुकारा आणि रांग
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील भाषण)



संयोजकांनी मला 'आरोग्य' हा विषय दिला आहे. रक्तदाब, साखर आणि सकाळचे फिरणे यांवर मी बोलावे अशी अपेक्षा असणार. ते आपण पंगतीत बोलूच. आज मला एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. तो विचारणारा मित्र समोरच बसला आहे आणि त्याच्या परवानगीनेच मी बोलतो आहे.

गेल्या वर्षी तो आईला घेऊन माझ्या दवाखान्यात आला. पित्ताशयात खडे होते, हातात केशरी रेशनकार्ड होते. मी म्हणालो, "मी आता योजनेत नाही रे. माझी फी घेणार नाही, बाकीच्या खर्चाचे बघू." तो म्हणाला, "मला उपकार नकोत. कार्डावर जे हक्काचे आहे ते दे." त्याचे काहीच चुकले नव्हते. मावशी जिल्ह्याच्या गावी गेल्या आणि दोन महिन्यांनी तिथे शस्त्रक्रिया झाली. आज त्या बऱ्या आहेत. पण त्या दोन महिन्यांतल्या खेपा आणि बुडालेली मजुरी कुठल्याच हिशेबात आली नाही.

मी योजना का सोडली? केंद्राच्या, राज्याच्या, कामगारांच्या, कर्मचाऱ्यांच्या अशा कितीतरी योजना आहेत. माझी कोणती होती ते सांगत नाही, कारण मला उणीदुणी काढायची नाहीत. काही शस्त्रक्रियांचा ठरवून दिलेला दर खर्चालाही पुरत नसे. बिल पाठवले की कागद परत येत, पैसे महिनोन्‌महिने येत नसत. परिचारिकेचा पगार मात्र एक तारखेलाच द्यावा लागतो.

आपण कापसाच्या मुलखातली माणसे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. हेतू चांगला होता: व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा. पण गिऱ्हाईक एकच उरले. भाव तेच ठरवणार, प्रत तेच ठरवणार आणि चुकारा त्यांच्या सवडीने मिळणार. केंद्रावरच्या बैलगाड्यांच्या रांगा तुम्हाला आठवत असतील. शेजारच्या राज्यात भाव बरा असला की रातोरात कापूस सीमेपार जायचा. शेवटी शासनालाच ती मक्तेदारी सोडावी लागली.

आरोग्यात आज तेच घडते आहे. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या राज्याच्या योजनेला पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१८ साली केंद्राची आयुष्मान योजना आली: कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे संरक्षण. पण कार्डावर आकडा छापल्याने तालुक्याला भूलतज्ज्ञ येत नाही. दर परवडला नाही तर डॉक्टर मोर्चा काढत नाहीत. ते गुपचूप बाजूला होतात. मोठी रुग्णालये तग धरतात, लहान गळतात आणि उपचार शहराकडे सरकतात. कापूस सीमेपार जायचा, तसा आता रुग्ण जातो.

हे आपल्याच देशात होते असे नाही. इंग्लंडने ५ जुलै १९४८ रोजी सर्वांना मोफत आरोग्यसेवा दिली. ते काम थोरच आहे. तिथे उपचारापायी कोणाला घर विकावे लागत नाही. पण तीनच वर्षांत चष्मे आणि कवळ्यांवर पैसे आकारायची वेळ आली. २०२३ साली तिथल्या प्रतीक्षायादीत ७५ लाखांहून अधिक नोंदी होत्या. किंमत पैशात घेतली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही. मग ती दिवसांत आणि दुखण्यात मोजावी लागते.

तुम्ही म्हणाल, "डॉक्टरसाहेब, छातीत कळ आली असताना माणूस भाव करत बसेल का?" नाही बसणार. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले की आरोग्याचा बाजार भाजीबाजारासारखा नसतो. रुग्णाला माहिती कमी असते, डॉक्टरला जास्त. शिवाय लसीकरण, साथीचे रोग, अपघात ही शासनाचीच कामे. पोलिओ खाजगी दवाखान्यांनी घालवला नाही. आणि आमच्या धंद्यातली लबाडीही मी नाकारत नाही. खाजगीत आज आहे त्याला बाजार तरी कसा म्हणावा? बाजारात भावाची पाटी असते. आमच्याकडे बिल हातात पडेपर्यंत आकडा कळत नाही.

पण दुसरी वाटही आहे. १९७६ साली मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देणाऱ्यांच्या फीमधून मोफत रुग्णांचा खर्च निघतो. महागडी आयात भिंगे परवडेनात, तेव्हा त्यांनी १९९२ पासून स्वतः भिंगे बनवायला सुरुवात केली आणि किंमत खाली आणली. पैसे देणारा रुग्ण दुसरीकडे जाऊ शकतो, म्हणून दर्जा राखावाच लागतो.

माझे मागणे एवढेच आहे. गरिबाचा खर्च शासनाने जरूर द्यावा, पण तो रुग्णाच्या हाती द्यावा, त्याच्या नावावर. दर रुग्णालयाने ठरवावा आणि दारावर ठळक लावावा. कुठे जायचे ते रुग्णाने ठरवावे. शासनाने दर्जा तपासावा, लबाडाला शिक्षा करावी आणि चुकारा मुदतीत द्यावा. भाव ठरवणारा, पैसे देणारा आणि तपासणारा एकच असला की दाद कुणाकडे मागायची?

मित्रा, त्या दिवशी तुला हे सगळे सांगायला हवे होते. नुसते "मी योजनेत नाही" एवढ्यावर थांबायला नको होते. त्यानंतर मी एक केले. दवाखान्याच्या दाराशी सगळ्या शस्त्रक्रियांचे दर लावले, भूल आणि औषधांसकट. येणारी माणसे ते वाचतात आणि कधीकधी शेजारच्या दवाखान्यातही जातात. जाऊ देत. त्यांना तेवढी निवड असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

मावशींना माझा नमस्कार सांग.