गोष्ट कोण सांगतो?

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा व्याख्यान नव्हे, वाचलेल्या एका गोष्टीविषयी बोलते.

गोष्ट बाबुराव बागुलांची, 'जेव्हा मी जात चोरली होती'. बागुल आपल्याच जिल्ह्यातले, नाशिकजवळच्या विहितगावचे. पुस्तक निघाले १९६३ साली. एक तरुण रेल्वेच्या नोकरीवर गुजरातेत जातो, खोली मिळावी म्हणून जात सांगत नाही. पुढे ती कळते, आणि जिथे मान मिळाला तिथेच मार बसतो.

हीच हकीकत 'तो आला, त्याने खोली घेतली' अशी लिहिली असती, तर आपण घरमालकाच्या ओट्यावर बसून ऐकली असती. 'लबाड निघाला हो!' असेही कोणी म्हटले असते. पण इथे बोलतो तो 'मी'. त्याचे गुपित घरमालकाच्या आधी आपल्याला ठाऊक. मग कोणी आपुलकीने चौकशी केली, की पोटात गोळा येतो तो आपल्या! हरिभाऊ आपट्यांची यमूही 'मी' म्हणूनच सांगते. पण तिचे दुःख आपल्या माजघरातले, चटकन पटते. या 'मी'च्या जागी बसणे इतके सोपे नाही.

आपले इगतपुरी रेल्वेचे गाव. बदलीवर नवे बिऱ्हाड येते, आणि शेजारीण पहिले विचारते ते आडनाव. तेवढ्याने उमगले नाही तर गाव, मग गावात घर कुठल्या आळीला. विचारणारीला ही साधी चौकशी वाटते. ऐकणारीला काय वाटत असेल, ते या गोष्टीत आहे.

पुस्तक माझ्याकडे आहे. हवे तिने न्यावे, मात्र आठवणीने परत आणून द्यावे.