तारीख, शब्द आणि आपली सही

गटाच्या बैठकीत हिशोब आपण चोख ठेवतो. गाडी अडते ती कागदावरच्या इंग्रजीपाशी. गटागटांतून पुन्हा पुन्हा विचारले जाणारे काही प्रश्न आज घेऊया.

पहिला प्रश्न तारखेचा. ०४/०७/२०२५ म्हणजे चार जुलै की सात एप्रिल? आपल्या देशात आधी दिवस, मग महिना, मग वर्ष लिहितात. म्हणून ही झाली चार जुलै. अमेरिकेत महिना आधी लिहितात, तिथे हीच सात एप्रिल होते. फॉर्मवरच्या चौकोनांत ‘डीडी’ दिसलं की दिवस, ‘एमएम’ दिसलं की महिना आणि ‘वायवाय’ दिसलं की वर्ष लिहायचं. आपल्या ठरावात आणि पावतीवर मात्र महिना अक्षरात लिहूया. ‘४ जुलै २०२५’ लिहिलं की वादाला जागाच राहत नाही.

दुसरा प्रश्न शेवटच्या तारखेचा. ‘ऑन ऑर बिफोर १० ऑगस्ट’ असेल तर दहा तारखेलाही अर्ज चालतो. नुसतं ‘बिफोर १० ऑगस्ट’ असेल तर नऊ तारखेपर्यंतच द्यायला हवा. एका छोट्या शब्दाने एक दिवस जातो, आणि कधी कधी त्याच दिवसापायी अर्ज परत येतो.

तिसरा प्रश्न पाकिटांचा. ‘मॅन्युफॅक्चरिंग’ म्हणजे माल बनवल्याची तारीख. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव आणि दर्जा उत्तम राहील. ‘एक्सपायरी’ किंवा ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खायचं नाही आणि विकायचंही नाही. औषधाच्या पट्टीवर एक्सपायरीपुढे नुसतं ०३/२०२७ असेल, तर ते मार्च महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. आपल्या गटाच्या लोणच्या-पापडांवर चिठ्ठी लावतानाही हा फरक सांभाळायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचे तीन शब्द. ‘विटनेस’ म्हणजे साक्षीदार. समोर सही झाली, एवढंच ती सांगते. ‘गॅरंटर’ म्हणजे जामीन. कर्जदाराने पैसे थकवले तर बँक जामिनाकडे मागू शकते. कायद्याने जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळं लिहिलं असेल तरच कमी. ‘को-बॉरोअर’ म्हणजे सहकर्जदार, म्हणजे ते कर्ज पहिल्या दिवसापासून आपलंही. शेजारीण, नणंद, जाऊ कुणीही म्हणाली, ‘अगं, नुसती सही तर करायची आहे,’ तरी सहीच्या रेघेखाली यातला कोणता शब्द छापलाय ते आधी बघायचं.

चौथा प्रश्न नेहमीचा: चेक इंग्रजीतच लिहावा लागतो का? नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे ग्राहकाला चेक हिंदीत, इंग्रजीत किंवा आपल्या राज्याच्या भाषेत लिहिता येतो. म्हणजे आपण मराठीत लिहू शकतो. चेकवर आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर कायदा अक्षरांतली रक्कम धरतो, म्हणून अक्षरं सावकाश लिहायची आणि शेवटी ‘फक्त’ लिहून रेघ ओढायची, म्हणजे पुढे कुणाला काही वाढवता येत नाही.

आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवूया. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाचा करार आणि कर्जकार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हव्यात. मराठीत कागद मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, तो आपला हक्क आहे. ‘मला इंग्रजी येत नाही’ म्हणताना मान खाली घालायचं कारण नाही. ‘मला मराठीत द्या’ असं सरळ म्हणायचं.

पुढच्या बैठकीला येताना सगळ्याजणी आपापलं कर्जकार्ड आणि पासबुक घेऊन येऊया. अडलेला प्रत्येक शब्द गटाच्या वहीत लिहायचा, त्यापुढे मराठी अर्थ लिहायचा. शाळेत जाणाऱ्या लेकी मदतीला आहेतच. वहीचं ते पान भरलं की शेजारच्या गटालाही दाखवूया.

भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.