बोलीतले उत्तर, बोलका वर्ग



अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे श्री गाडगे महाराज (१८७६–१९५६) शालेय शिक्षणाला पारखे राहिले. तरी विशाल जनसमुदायास त्यांनी विचार करावयास लावले. दिवसा गाव झाडावे, रात्री कीर्तनात वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांस प्रश्न करावेत, हा त्यांचा परिपाठ. कर्ज, दारू, पशुबळी यांविषयीचे उत्तर ते श्रोत्यांच्याच मुखातून वदवून घेत.

वर्गातील मौनाचे मर्म येथेच सापडते. वऱ्हाडातील मूल घरी वऱ्हाडी बोलते. मेळघाटात अनेक मुले कोरकू बोलतात. पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. मुलाने बोलीत अचूक उत्तर दिले आणि शिक्षकाने प्रथम त्याची भाषाच सुधारली, तर वर्ग हसतो व ते मूल पुन्हा हात वर करीत नाही. असे मूल मंद नव्हे, संकोचलेले असते.

म्हणून उत्तर आधी स्वीकारावे. प्रमाण शब्द मागाहून फळ्यावर लिहावा. प्रश्न मागच्या बाकापर्यंत न्यावा आणि विचारल्यावर क्षणभर थांबावे. गुणाकार शिकविताना कापूसवेचणीच्या मजुरीचा हिशेब मुलांकडूनच मांडून घ्यावा.

अमरावतीचे विद्यापीठ आज गाडगे बाबांचे नाव धारण करते. त्यांची प्रश्नरीती गावोगावच्या वर्गांत रुजली, तर तेही त्यांचे खरे स्मारक ठरेल.