आठ कलांचा फरक



पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे कोपर्निकसने १५४३ साली ग्रंथरूपाने मांडले, एवढे आपण शाळेत शिकतो. परंतु ग्रहांची गती वर्तुळाकारच असली पाहिजे, ही प्राचीन ग्रीकांची समजूत त्यालाही सुटली नाही. वर्तुळावर लहान वर्तुळे त्याच्याही मांडणीत होतीच.

ती समजूत मोडली मंगळाने. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने दुर्बिणीवाचून, केवळ डोळ्यांनी व मोठमोठ्या उपकरणांनी, वर्षानुवर्षे ग्रहांचे वेध घेतले. १६०१ मध्ये प्राग येथे तो निवर्तला आणि ती टिपणे योहानेस केप्लरच्या हाती आली. (वारसांशी वाद झालाच, घराणी सर्वत्र सारखीच!) केप्लरने अपार आकडेमोड करून मंगळाची वर्तुळाकार कक्षा बसविली. तरीही काही स्थानी आठ कलांचा फरक उरला. पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा हा जेमतेम चौथा हिस्सा! टॉलेमीच्या काळी एवढी चूक खपून गेली असती. परंतु टायकोच्या वेधांत ती असणे शक्य नाही, अशी केप्लरची खात्री होती. म्हणून त्याने वेध खरे मानले आणि स्वतःचे कष्टाचे गणित टाकून दिले. अनेक फसलेल्या प्रयत्नांनंतर १६०९ च्या ग्रंथात त्याने कक्षा लंबवर्तुळाकार ठरविली. सूर्य तिच्या मध्यात नव्हे, एका नाभीवर.

मंगळाची ही कक्षा कागदावर रेखाटली, तर डोळ्यांना ती वर्तुळच भासते. तिची रुंदी लांबीपेक्षा अर्ध्या टक्क्यानेही कमी नाही.