निवोलुमॅब देण्याआधी
(आकाशवाणीवरील भाषण)



"डॉक्टर, त्या नव्या इंजेक्शनचं काय? शेत गहाण टाकलं तर पैसे उभे राहतील." अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या कॅन्सरचा पेशंट घेऊन आलेला मुलगा हे विचारतो, तेव्हा नुसतं हो किंवा नाही म्हणून भागत नाही. म्हणून आजची ही दहा मिनिटं मी त्या इंजेक्शनलाच द्यायची ठरवली आहेत. बाजारात अशी आणखीही औषधं आहेत. मी त्यांतल्या निवोलुमॅबबद्दल बोलेन, कारण या दोन्ही कॅन्सरांत त्याचा अभ्यास भरपूर झाला आहे.

आधी हा आजार कसा येतो ते पाहू. पहिल्यांदा भाकरीचा घास छातीत अडकतो. बाई म्हणते, घाईत जेवले असेन. मग ती भाकरी दुधात कुस्करून खाते, पुढे नुसता वरणभात, पुढे पेज. तोवर दोन-तीन महिने गेलेले असतात आणि वजन दहा किलोंनी उतरलेलं असतं. तंबाखू, मशेरी आणि दारू यांचा अन्ननलिकेच्या कॅन्सरशी संबंध आहे हे बहुतेकांना माहीत असतं. पण घास अडकला की इंडोस्कोपी करून घ्यायची, हे अजून घराघरांत पोचलेलं नाही. पेशंट उशिरा येतो, ऑपरेशनची वेळ टळलेली असते आणि उरते ती औषधांची वाट.

ती वाट वर्षानुवर्षं केमोथेरपीची होती. केमो कॅन्सरच्या पेशींवर थेट घाव घालते. निवोलुमॅब तसं करत नाही. आपल्या रक्तात टी-पेशी असतात. शरीरात शिरलेल्या जंतूंचा आणि बिघडलेल्या पेशींचा बंदोबस्त करणं हे त्यांचं काम. त्यांनी आपल्याच अवयवांवर उठू नये म्हणून निसर्गाने त्यांना एक लगाम घातला आहे. त्याचं नाव पीडी-१. कॅन्सरची गाठ हाच लगाम खेचून धरते आणि टी-पेशी तिच्या शेजारी नुसत्या उभ्या राहतात. निवोलुमॅब तो लगाम गाठीच्या हातून सोडवतं. पुढचं काम पेशंटच्या स्वतःच्या पेशी करतात.

पीडी-१ चा शोध जपानमधल्या क्योतो विद्यापीठात तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत लागला. ते साल होतं 1992. पेशी मरतात कशा, हे ती मंडळी शोधत होती. कॅन्सर त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. पीडी-१ नसलेल्या उंदरांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर उलटते असं पुढे दिसलं, आणि हा लगाम आहे हे कळलं. ओसाकाच्या ओनो कंपनीने त्यातून औषध घडवायचं धाडस केलं, अमेरिकन कंपन्या सोबत आल्या, आणि 2014 साली जपानने त्वचेच्या मेलॅनोमा या कॅन्सरसाठी त्याला पहिली परवानगी दिली. 2018 चं नोबेल होन्जो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना मिळून मिळालं. जठराच्या कॅन्सरवर हे औषध आधी जपान, कोरिया आणि तैवानमध्ये तपासलं गेलं. तिथे हा आजार फार, त्यामुळे ते साहजिकच होतं.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. पसरलेल्या जठराच्या कॅन्सरवर चेकमेट-649 नावाची मोठी चाचणी अनेक देशांत झाली. तिच्यात 1581 पेशंटांची तुलना झाली. अर्ध्यांना केमो, अर्ध्यांना केमो आणि सोबत निवोलुमॅब. ज्यांच्या गाठीत पीडी-एल१, म्हणजे तो लगाम खेचून धरणारं प्रथिन, पुरेसं होतं, त्यांच्यात नुसत्या केमोवर तीन वर्षांनी शंभरातले 10 जण हयात होते. जोडीला निवोलुमॅब दिलेल्यांतले 21. म्हणजे दुपटीहून थोडे जास्त. आणि तरीही शंभरातले 79 गेले. हे दोन्ही आकडे नातेवाइकांना एकाच बैठकीत सांगायला हवेत. नुसता पहिला सांगितला तर घर विकलं जातं, नुसता दुसरा सांगितला तर उपचार सोडला जातो.

"पुरेसं होतं" म्हणजे किती, यातच सगळी मेख आहे. इंडोस्कोपीत काढलेला बायोप्सीचा तुकडा जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. तो मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे पातळ काप काचपट्टीवर घेतात. पॅथॉलॉजिस्ट त्यावर खास रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पीडी-एल१ असलेल्या पेशी मोजतो आणि सीपीएस नावाचा एक आकडा लिहितो. वरच्या चाचणीतला फायदा सीपीएस 5 किंवा त्याहून जास्त असलेल्यांना ठळक झाला. 1 च्या खाली आकडा असेल तर फायदा दिसत नाही, असं मत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांच्या सल्लागार समितीने सप्टेंबर 2024 मध्ये दिलं. अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्येही पीडी-एल१ ची मोजणी करतातच. याच तुकड्यावर आणखी दोन गोष्टी पाहतात. एक हर-२ हे प्रथिन, ते पॉझिटिव्ह असेल तर उपचाराची दिशाच बदलते. दुसरी एमएसआय, म्हणजे गाठीच्या पेशींतल्या एका जनुकीय बिघाडाची खूण. एमएसआय-हाय असलेले पेशंट थोडेच निघतात, पण त्यांना या औषधाचा जो लाभ होतो तो पाहून आम्ही डॉक्टरसुद्धा थक्क होतो.

म्हणून त्या मुलाला मी म्हणतो, अरे बाळा, शेताचं नंतर बघू. आधी मेणाचा ठोकळा परत माग आणि या तीन तपासण्या करून घे. त्या ठोकळ्यावर पेशंटचा हक्क आहे. रिपोर्ट हातात नसताना कुणी निवोलुमॅब लिहून दिलं, तर "सीपीएस किती आला?" एवढं विचारायला मुळीच संकोचू नका.

औषध देण्याची पद्धत साधी आहे. साधारण अर्ध्या तासाचं सलाईन, दर दोन, तीन किंवा चार आठवड्यांनी. केस केमोमुळे गळतील, या औषधाने सहसा नाही. पण ज्या टी-पेशी मोकळ्या सुटल्या त्या आतड्यावर, फुप्फुसावर, यकृतावर किंवा थायरॉइडवरही उठू शकतात. हे कधी पहिल्या महिन्यात होतं, कधी औषध बंद करून काही महिने उलटल्यावर. दिवसाला पाच-सहा जुलाब होऊ लागले की पेशंट गावातल्या दुकानातून गोळी घेतो, आणि चार दिवसांनी आतड्याला भोक पडलेल्या अवस्थेत आमच्याकडे येतो. असं मी पाहिलं आहे. वेळेवर स्टेरॉइड सुरू केलं तर बहुतेक वेळा हे टळतं. नवा कोरडा खोकला, धाप, डोळे पिवळे होणं, कमालीचा थकवा, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर तोंडातून पहिलं वाक्य निघायला हवं ते "मला इम्युनोथेरपी चालू आहे" हे.

राहिला पैसा. पूर्ण मात्रेत हे औषध आपल्याकडच्या बहुसंख्य कुटुंबांच्या आवाक्याबाहेर राहिलं आहे. याच प्रश्नावर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने काम केलं, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. तोंड आणि घसा अशा डोकं-मानेच्या भागातल्या, बळावलेल्या कॅन्सरमध्ये त्यांनी गोळ्यांच्या स्वस्त उपचारासोबत दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब दिलं. नेहमीची मात्रा तेवढ्या काळात 360 मिलिग्रॅम असते. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवर 16.3 टक्के होतं, ते 43.4 टक्क्यांवर गेलं. हा निष्कर्ष डोकं-मानेच्या कॅन्सरपुरता आहे. तो वाचून जठराच्या किंवा अन्ननलिकेच्या पेशंटला आपल्या मनाने कमी मात्रा देऊ नये, डॉक्टरांनीही नाही. पण औषध टोचल्यावर पीडी-१ अगदी थोड्या मात्रेतही बऱ्यापैकी अडवला जातो, हे माहीत असताना याही कॅन्सरांत कमी मात्रेच्या पुरेशा मोठ्या चाचण्या व्हायलाच हव्यात. हे काम औषध कंपनी करणार नाही, तिला त्यात मिळकत नाही. ते सरकारी पैशाने आणि आपल्याच रुग्णालयांनी करायचं आहे, आणि ते लवकर सुरू व्हावं अशी माझी जाहीर मागणी आहे.